सव्वामायचा सव्वा महिना

सव्वामायच्या बोलण्यात 'एक' हा आकडाच नव्हता. मीठ मागितलं तर सव्वा चिमूट, येते म्हणाली तर सव्वा घटकेत, आणि कुणाचा राग आला तर त्याला सव्वा शिवी. म्हणजे एक पुरती शिवी तोंडावर आणि उरलेली पाव पाठ फिरवून जाता जाता. "एक आपलं, वरलं पाव देवनं," असा तिचा हिशेब. तिचं खरं नाव गावात दोन-चार म्हाताऱ्यांनाच ठाऊक असेल. मलाही ते पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि खरं सांगते, मला ते तिला मुळीच शोभेसं वाटलं नाही.

सारंगखेड्याच्या अलीकडे दोन कोसांवर, तापीच्या काठाला माझं सासर. सव्वामाय तिथली सुईण. बाळंतपणं नसतील तेव्हा गोधड्या शिवायची. दोन्ही कामांत हात सुईचाच, म्हणून आपण सुईण, असं ती सांगायची आणि आपल्याच विनोदाला आधी हसायची. मूळची प्रकाशा गावची. नवरा लवकर गेला. एकच लेक होती, सोनी, ती पहिल्या बाळंतपणानंतर गेली, तिचं तान्हंही राहिलं नाही. देवी कोपली आणि पोर गेली एवढंच गाव म्हणे, आणि सव्वामाय त्यावर अक्षर बोलत नसे. आमच्या परसाला लागून तिचं खोपट होतं, त्यामुळे आमच्या घरातला आवाज तिच्याकडे आणि तिचा आमच्याकडे सारखा जात-येत असे.

मी धुळ्याच्या एका मास्तरांची मुलगी. सातवी झालेली, आणि शुद्ध बोलण्याची फार हौस. सासरी सगळे अहिराणी बोलणारे. पहिल्याच दिवशी मी माजघरात जाऊन "वरण झालं आहे" म्हटलं मात्र, सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तिथे 'शे' चालायचं, 'आहे' म्हणणारी मी एकटी. सव्वामायने तिथल्या तिथे माझं नाव 'आहेबाई' ठेवलं. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच दारात येऊन म्हणाली, "आहेबाई, आहे का?" मग काय करणार, हसले.

लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. सासूबाई तोंडाने काही म्हणत नसत, पण त्यांचं भांडी आपटणं मला समजत होतं. आणि मग अचानक माझं बाजूला बसणं थांबलं, पोट दिसायला लागलं. काय तो आनंद घरात! सासूबाईंनी गूळ वाटला. मला आंबटचिंबट खायला घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, आणि दृष्ट लागेल म्हणून कुणाला पोटाला हात लावू दिला नाही. सव्वामायलासुद्धा नाही. "दिन भरू द्या, मंग तुले बलावसू," असं तिला सांगून टाकलं.

दिवस भरले. नऊ झाले, दहा झाले, अकरावा लागला. पोट वाढतच होतं आणि आत कुणी हलत नव्हतं. मला चालवेना, श्वास पुरेना. शेवटी सव्वामायने कुणाला न विचारता आत येऊन माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवले. मग कान लावला. मग पुन्हा हात. "आहेबाई," ती म्हणाली, "हाई पोऱ्या नही शे. पोऱ्या हालस, लाथ मारस. हाई नुसतं बठेल शे. हाई गाठ शे."

सासूबाईंनी तिला घरातून जायला सांगितलं. ती गेली, पण कुठे? आमच्याच उंबऱ्यावर जाऊन बसली. गाडी जुंपून आहेबाईला दवाखान्यात नेत नाही तोवर इथून हलणार नाही म्हणाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला ओलांडून जावं लागे, आणि ओलांडणाऱ्या प्रत्येकाला ती माझ्या पोटाची हकीगत सांगे. दुपारपर्यंत गावभर झाली. आमचे हे मुळात मितभाषी, आईपुढे तर मुकेच. पण त्या दिवशी ते गोठ्यात गेले आणि एक शब्द न बोलता बैल सोडून घेऊन आले. मला तेव्हा काय वाटलं ते आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा मला हसू येतं, कारण पोट इतकं दुखत असताना माझ्या मनात आलं, अगंबाई, यांना राग येतो तर.

नंदुरबारपर्यंत गाडी आणि पुढे रेल्वे. लांबच्या एका मिशनच्या दवाखान्यात मला नेलं. सव्वामाय सोबत होतीच. तिचा तो पहिलाच रेल्वेप्रवास, आणि सारा वेळ ती खिडकीची कांब धरून "भलती पळस ही बया" म्हणत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गोऱ्या, मराठी मोडकंतोडकं. अंडाशयावरची गाठ आहे, पोट उघडून काढावी लागेल असं त्या म्हणाल्या. गाठ काढल्यावर सव्वामायने ती बघायला मागितली. सुईणीचा हक्क आहे म्हणाली. ताटात ठेवलेल्या गाठीकडे तिने नीट पाहिलं आणि सांगितलं, "सव्वा पाच शेर." काट्यावर टाकली तर छटाकाचा फरक निघाला नाही म्हणे. म्हणे म्हणजे, ही गोष्ट सांगणारी तीच होती.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. एक बाजू काढली, दुसरी शाबूत आहे, पुढे मूल होईलही आणि नाहीही. पण आत्ता त्याचा विचार नको. सहा आठवडे काही उचलायचं नाही. पाणी नाही, दळण नाही, भरली घागर तर मुळीच नाही. बाहेरचे टाके काढलेत, आतले जुळायचे आहेत. ते सुटले आणि आत रक्त साचलं, तर एवढ्या लांब आणेपर्यंत जीव राहणार नाही. त्यांनी ते एका कागदावरही लिहून दिलं. सव्वामायने तो कागद कमरेला खोचला आणि मला विचारलं, "सहा आठवडा म्हंजे किती?" मी म्हटलं, दीड महिना. तिचं तोंड कडू झालं. "दीड कोनी बाळतीन बठस?" ती म्हणाली. "सव्वा बठस."

त्या वेळी मला वाटलं, म्हातारीचं सव्वाचं वेड. पण गाडीत बसेपर्यंत तिच्या डोक्यात सगळं शिजलं होतं, आणि ते मला घरी गेल्यावर कळलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो. कापसाची वेचणी सुरू, दादर ज्वारी पेरून झालेली, घरात प्रत्येक हात मोजका. त्यात सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा महिना-दीड महिन्यावर आलेली. जत्रेला आमच्याकडे वीस-पंचवीस माणसं उतरत. डॉक्टरीणबाईंचा कागद मी वाचून दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सहा आठवडा पलंगवर? राजानी राणी शे का?" आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्या स्वतः तापात दळायला बसलेल्या बाई. आजारी बाईने सहा आठवडे पडून राहायचं असतं हे आमच्या मुलखात कुणी ऐकलंच नव्हतं.

सव्वामायने कागद माझ्या हातून काढून घेतला. "डाक्टरीननं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हिन्हं पोट वाढनं का नही? पोटमाईन काढं का नही? आते पोट रिकामं शे का नही? मंग हाई बाळतीन नही ते कोन?" सासूबाई तोंड उघडून राहिल्या. बाळंतीण म्हटलं की झालं. बाळंतिणीने सव्वा महिना पाण्याला हात लावायचा नाही, चुलीला शिवायचं नाही, काही उचलायचं नाही, हा कायदा आमच्या गावात कलेक्टरच्या कायद्यापेक्षा मोठा. तो मोडायची सासूबाईंची छाती नव्हती. सव्वामाय माझ्या कानाशी वाकून पुटपुटली, "सव्वा महिना ते पदरमा पडना. वरला पाच दिन मी देखी लेसू."

सव्वा महिना म्हणजे सदतीस दिवस. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस. ते मधले पाच दिवस कसे काढायचे, ही धास्ती आम्हा दोघींनाच होती. बाकी सगळं घर निर्धास्त होतं, कारण त्यांच्या दृष्टीने सगळं रीतसर चाललं होतं.

आणि काय थाटात चाललं होतं म्हणता! मूल नसलेलं माझं बाळंतपण. दाराला कडुनिंबाचा डहाळा, उशाखाली विळा, कोपऱ्यात शेगडी. पोट शेकायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून सव्वामायने शेगडी पायाशी ठेवली आणि धूर मात्र डोक्यापर्यंत जाऊ दिला. पाचवीच्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, सटवाईची पूजा मांडायची का? सव्वामाय म्हणाली, "गाठनं नशीब लिखाले सटवी येस का? ती ऱ्हाऊ द्या. खोबरं तेवढं आना." खोबरं, खारीक, डिंक, तूप, सगळं रीतीप्रमाणे आलं, आणि रीतीप्रमाणे त्यातला थोडा वाटा सव्वामायच्या ओच्यात गेला. माझ्या गालावर चढलेलं मांस पाहून आमचे हे दारातूनच हसायचे आणि निघून जायचे.

सव्वामाय गोधडी घेऊन माझ्या दारात बसे. शिवणंही होई आणि राखणही. मी तांब्या उचलला की तिची सुई थांबायची. एकदा घरचं मांजर उडी मारून माझ्या अंगावर आलं, तर तिने त्याला शेपटीला धरून बाहेर टाकलं आणि मला रागावली की मांजर सव्वा शेरांचं आहे, त्याला उचलायचं नाही. रोज सकाळी ती माझी जखम बघायची. कौतुकाने नव्हे, कारागिराच्या नजरेने. "दोरा चांगला शे," पहिल्याच दिवशी तिने निकाल दिला, "पन हात घाईमा व्हता. आठे टाका लांब पडना." आपण असतो तर बारीक धावदोरा घातला असता, असं तिचं ठाम मत. मी कंटाळून रडकुंडीला आले की म्हणायची, "लोळानं बी कामच शे. नीट लोळ."

भेटायला बाया यायच्या, आणि आमच्या दारात जे संवाद व्हायचे ते ऐकून मला पोट धरून हसू यायचं, पण हसायलाही बंदी, कारण टाके. लांबच्या कुणी बाई विचारायच्या, "काय व्हयनं?" सव्वामाय शांतपणे सांगायची, "गाठ व्हयनी. सव्वा पाच शेरनी." बाईचं तोंड पडायचं. काय बोलावं? मुलगा झाला तर एक बोलायचं असतं, मुलगी झाली तर एक. गाठीला काय म्हणतात? एक भाबडी म्हातारी तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय, पुढना टाइमले पोऱ्या व्हई." सव्वामाय म्हणाली, "व्हई ते व्हई. पहिले हाई जगू दे." हे ती थट्टेत म्हणत नसे.

जत्रा जवळ आली तशी माझी तगमग वाढली. मला घोड्यांचं वेड. धुळ्याला वडिलांच्या शाळेसमोर टांग्यांचा अड्डा होता, तिथे मी लहानपणी तासन्‌ तास उभी राहायची. लग्नानंतर दर वर्षी जत्रेची वाट मी दसऱ्यापासून बघे. आता घोडे आमच्या गावावरून जायला लागले. पहाटेपासून टापा ऐकू यायच्या, मधूनच खिंकाळणं, सौदागरांच्या हाका, पोरांचा आरडाओरडा. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. टापा ऐकून पाठीवरून शहारे जायचे, आणि उठून रस्त्यापर्यंत जायची सोय नाही, कारण अंगणात तीन पायऱ्या उतरायच्या होत्या आणि सव्वामाय त्या उतरू देत नव्हती. एके दिवशी मला रडू आवरलं नाही. सव्वामायने माझ्याकडे पाहिलं, गोधडी बाजूला ठेवली आणि बाहेर गेली.

सव्वा घटकेने मागच्या परसात टापा वाजल्या. मागचं दार धाडकन उघडलं, उजेड आत आला, आणि त्या उजेडात, खोटं सांगत नाही, एका घोडीचं तोंड. कपाळावर पांढरा पट्टा, चारी पाय पांढरे. पंचकल्याणी! तिच्यामागे काठेवाडी सौदागर गोंधळून उभा, आणि त्याच्या फेट्याला हात घालायच्या बेताने सव्वामाय. "देखाड," ती त्याला म्हणाली, "आमनी बाळतीनले नीट देखाड." घोडीने मान आत घातली. तिचा गरम श्वास माझ्या पावलांना लागला. मी आयुष्यात अनेक सुखं पाहिली, पण तसं सुख नाही पाहिलं. सौदागराने पाळणा दिसेना म्हणून विचारलं, "दीकरो के दीकरी?" सव्वामाय म्हणाली, "गाठ." त्याला काय उमगलं कोण जाणे, हात जोडून म्हणाला, "गांठ छूटी गई, सारुं थयुं." गाठ सुटली, बरं झालं, असं म्हणून तो घोडी घेऊन निघून गेला.

त्या भरात मी विसरलेच की सदतिसावा दिवस चार दिवसांवर आलाय. आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतिणीला नदीवर नेतात. काठावर पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पाणी पुजायचं, आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन, चढण चढून घरी यायचं. तो हंडा घरात आला की बाळंतपण सुटलं. दुसऱ्या दिवसापासून दळण. म्हणजे ज्या रिवाजाच्या आडोशाला सव्वामायने मला ठेवलं होतं, त्या रिवाजाच्या शेवटी माझ्या डोक्यावर भरला हंडा यायचा होता. मी तिला विचारलं, आता? तिने सुईत दोरा ओवला आणि शिवत राहिली. मला पहिल्यांदाच भीती वाटली की हिलाही वाट सापडलेली नाही.

दहा-बारा बायका निघालो. मी मधे, हळूहळू. सासूबाईंच्या कमरेवर घासून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा. नदी खाली गेलेली, चढण लांब वाटत होती. पाच खडे मांडले, पूजा झाली, ओटी भरली. सासूबाईंनी हंडा बुडवून भरला आणि चुंबळ माझ्या हातात दिली. तेवढ्यात सव्वामायने ओच्यातून काहीतरी काढलं. पोरींच्या भातुकलीतलं मातीचं बोळकं. तिने ते पाण्यात बुडवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हाई काय?" सासूबाई म्हणाल्या.

"पानी," सव्वामाय म्हणाली. "पानी ते पानीच शे. माप कोनी सांगं?"

बायका हसल्या, पण सासूबाई हसल्या नाहीत. आजवर गावात कुणी बोळकं आणलं नाही, असं झालं तर घरातलं पाणी विटाळलेलं राहील, दाराशी जत्रेचे पाहुणे येताहेत, त्यांना काय ते पाणी पाजू? आणि मूल नसलेल्या बाळंतिणीला आपण सव्वा महिना बसवलं ते काही कमी झालं का? त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मला ते दिसत होतं. माझा हात चुंबळीकडे गेला. पाच दिवसांसाठी एवढं कशाला, असं माझ्या मनात येऊनही गेलं. उचलते एकदाचा, काय होईल ते होईल.

सव्वामायने माझं मनगट धरलं. आणि मग ती बोलली, माझ्याशी नाही, त्या सगळ्या बायकांशी, अगदी खालच्या आवाजात. "मन्ही सोनी आठेच, ह्याच जागावर उभी व्हती. तुम्ही बठ्ठ्या देखी ऱ्हायन्या व्हत्या. ती सांगे, माय, खाले दुखस, रगत जास. मी सांगं, सव्वा महिना व्हयी गया, आते कसानं दुखस? मी मन्हा हातखाल तिन्हा डोकावर हंडा दिधा. चढणवर ती बठी गई. तिसरा दिनले गई. देवीनं नाव नका ल्या. देवीनी नही मारी. मी मारी."

त्या बायकांतल्या निम्म्या तरी त्या दिवशी तिथे असणार. माझ्या तळहातावरच्या बोळक्यातलं पाणी सांडू नये म्हणून मी दुसरा हात खाली धरला.

सासूबाईंनी माझ्या हातातली चुंबळ काढून घेतली. स्वतःच्या डोक्यावर ठेवली. वाकल्या, तो भरला हंडा उचलला आणि डोक्यावर घेतला. पन्नाशीच्या बाई, गुडघे धरलेले. "तिले बोळकंच आनू द्या," त्या म्हणाल्या. "हंडा मी लई चालनी." आणि त्या पुढे चढण चढायला लागल्या. मागे मी, बोळकं घेऊन, आणि माझ्यामागे सव्वामाय. मला त्या क्षणी सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि वाकायलाही बंदी! मी रडत रडत हसत होते. मागून सव्वामाय म्हणाली, "हालू नको. सांडी जाई."

घरात दोन्ही पाणी आलं. ते पाच दिवसही गेले, कसे ते सांगत बसत नाही. पाहुण्यांचा स्वयंपाक सासूबाईंनी आणि सव्वामायने केला, आणि मला बोळकेवाली म्हणून दिवसभर चिडवलं. बेचाळिसाव्या दिवशी दत्तजयंती होती. आमच्या ह्यांनी दमणी जुंपली, तीत चार गोधड्या अंथरल्या, आणि मी जत्रेला गेले. प्रत्येक खाचखळग्याला सव्वामाय माझ्या पोटावर पंजा दाबून धरी आणि गाडीवानाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिवी देई. नदीकाठच्या त्या मैदानावर घोडेच घोडे! धूळ, घोड्यांची ऐटदार चाल, तोरणमाळकडून उतरलेली माणसं, रंगीत लगामांची दुकानं. मी ओरडले, टाळ्या पिटल्या, लहान पोरीसारखी गाडीत उभी राहिले. सव्वामायने मला खाली ओढून बसवलं नाही, तेव्हा मला कळलं की मी बरी झाले.

तीन वर्षांनी मला मुलगी झाली. तिच्या सव्वा महिन्याला मी बोळकंच घेऊन नदीवर गेले आणि कुणी विचारलं नाही. त्याच्या आधीच दोन-तीन घरांनी ते सुरू केलं होतं. पुढे गावचा कुंभार खास त्यासाठी बोळकी करायला लागला. एखादी हौशी सासू अजून हंडा काढायची, तर तिच्या घरी सव्वामाय जाऊन उंबऱ्यावर बसायची. सोनीची गोष्ट मात्र तिने पुन्हा कधी सांगितली नाही. एकदा मी विषय काढला, तर म्हणाली, "एक डाव सांगं ना. कामले ऊनं." आणि कामाला आलं तेवढं पुरे अशा थाटात दोरा तोडून दुसरा ओवला.

ती गेली ती उन्हाळ्यात, गोधडी शिवता शिवता, भिंतीला टेकून. तिला घरचं कुणी नव्हतं. अंघोळीचं पाणी कोण आणणार म्हणून सासूबाईंनी हंडा काढला आणि मी तो त्यांच्या हातून घेतला. आता मला काही बंदी नव्हती. नदीवर गेले, भरला, डोक्यावर घेतला आणि चढण चढून आले. तिच्या अंगणात येऊन बघते तो तिथे बायकाच बायका. कडेवर पोरं, पदराला पोरं. प्रत्येकीच्या हातात पाण्याने भरलेलं एक एक बोळकं होतं. त्यांनी मला वाट दिली, पण माझा हंडा कुणी उतरवून घेतला नाही. एकेकीने पुढे होऊन आपलं बोळकं तिच्या अंगावर रितं केलं. तिच्या अंघोळीला हंडा लागलाच नाही.